शेवट आशादायक हवा

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, मूळचे ठाण्याचे. अमेरिकेत वेस्ट विंडसरला आल्यावर तिथल्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, जो तो मला विचारायचा, "लग्नानंतर ज्यू झालीस का?" नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलं, "तुम्हाला तिकडे कोणी छळलं?"

"कोणी नाही. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे. शनिवार पाळायचा, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती."

"कोणीच छळलं नाही? मग आपण ज्यू आहोत हे तुमच्या लक्षात तरी कसं राहिलं?"

त्या पोलंडच्या. नाझींनी आईवडिलांना नेलं ते कायमचं, आणि त्या मोठ्या बहिणीबरोबर छळछावणीत गेल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. आता त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून कुठे जायचं असलं की मीच न्यायचे.

मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेने त्यांना बोलावलं. शिक्षिकेचा फोन आला. फार भयानक काही सांगू नये, आणि शेवट आशादायक असावा, एवढीच विनंती होती.

गाडीत मावशी म्हणाल्या, "वाटेत दुकानापाशी थांब. थोडी आशा घेऊ. माझ्या घरातली संपलीय."

वर्गात त्या शांतपणे बोलल्या. "आम्ही बहिणी आहोत हे कळलं असतं तर पहारेकऱ्यांनी आम्हाला मुद्दाम वेगळं केलं असतं. म्हणून ताई मला चारचौघांत ओळख दाखवायची नाही. 'ए मुली' म्हणायची. झोपताना मात्र माझे गारठलेले पाय काखेत धरायची. हिवाळ्यात तिला टायफस झाला. एका सकाळी ती उठलीच नाही."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "तुम्ही रडलात?"

"रडून कसं चाललं असतं? आमची ओळखच नव्हती ना! शिवाय, पाव वाटून होईपर्यंत ती गेल्याचं मी कोणाला सांगितलं नाही. तिच्या वाटणीचा पाव मी घेतला आणि खाल्ला."

शिक्षिका घाईघाईने उठल्या. "म्हणजे त्या पावामुळे आज तुम्ही आमच्यात आहात! किती आशादायक!"

"नाही," मावशी म्हणाल्या. "त्या पावामुळे मी दुपारपर्यंत होते."

शिक्षिकांनी लगेच आज जेवायला पिझ्झा असल्याचं जाहीर केलं. मुलांना एकदम हायसं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

मावशी मुलांबरोबरच जेवायला बसल्या. मघाची मुलगी ताट घेऊन शेजारी आली. "छावणीत जायच्या आधी, घरी, ताई तुम्हाला काय म्हणायची?"

इतक्या वर्षांत हे मीसुद्धा विचारलं नव्हतं. मावशींनी एक शब्द उच्चारला. त्याचा अर्थ चिमणी, असं त्यांनी सांगितलं. मुलीला तो नीट म्हणता येईना. मावशींनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि तिच्याकडून तो पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती आणि शिक्षिका दारात घड्याळ बघत उभ्या होत्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.