गाळलेले शब्द

दहावीला इंग्रजीत मला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त होते. हे मी आजही सांगते, कोणी विचारलेलं नसताना. ती म्हणजे माझी चुलतबहीण. कुरुंद्यात आम्ही एकाच घरात वाढलो, शाळेत एकाच बाकावर बसलो. पण काकांनी तिला औरंगाबादला कॉलेजात घातलं, होस्टेलवर ठेवलं, आणि मी एसटीच्या पासवर वसमतला जाऊ लागले. माझ्या वडिलांच्या मते पोरीच्या जातीला तेवढं बास होतं. माझा नुसता जळफळाट झाला.

जाताना काकांनी तिला एकच अट घातली होती. पत्र इंग्रजीतच लिहायचं. "समद्या गावाला कळू दे, आपली पोरगी काय शिकून राहिली ते." काकांना स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि काकू तर शाळेतच गेलेल्या नव्हत्या. त्यामुळे पत्र आलं की मला हाक यायची. काका ओसरीवर बाज टाकून बसायचे, शेजारच्या दोघातिघांना मुद्दाम बोलावलेलं असायचं. मी आधी सगळं पत्र इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं. इंग्रजी ऐकताना काकांची मान डोलायची. वाचणारी मी आहे, हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

पहिल्याच पत्रात तिला लागलेली नवी खोड दिसली. टेरिबली, ऑफुली, अटरली. पाऊस टेरिबली, गर्दी टेरिबली, मैत्रिणी ऑफुली छान, शिकवणाऱ्या बाई ऑफुली हुशार. शाळेत आम्ही 'व्हेरी'च्या पुढं कधी गेलो नव्हतो. मी वसमतच्या कॉलेजातल्या डिक्शनरीत एकेक शब्द शोधून काढला. भयंकर, अतोनात, पुरतं. म्हणजे साधा पाऊसही आता हिला भयंकर वाटायला लागला होता! आमच्याकडं त्याच पावसात बायका डोक्यावर पोतं घेऊन शेत निंदत होत्या. मला त्या शब्दांचा राग आला. खरं सांगायचं तर ते माझे व्हायला हवे होते, हा राग होता.

मग मराठीत सांगताना मी ते गाळायला लागले. पाऊस हाय म्हनती. मैत्रिणी बऱ्या हायेत म्हनती. काका म्हणायचे, "एवढं लांब वाचलंस अन् इतकंच व्हय?" मी ठासून सांगायची, "इंग्रजीत तसंच असतं, काका." माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

गणपतीच्या दिवसांत एक पत्र आलं. निम्मंच भरलेलं होतं. मी टेरिबली एकटी पडले आहे. मला अन्न अ‍ॅब्सोल्यूटली जात नाही. मी अटरली थकले आहे. मला घरी घेऊन चला.

इथं मला खोटं बोलायचं नाही. मला कळलं होतं. या वेळी ते शब्द मिरवायला आणलेले नव्हते, हे मला वाचता वाचताच कळलं, कारण अक्षर ओळीबाहेर गेलं होतं. पण माझ्या मनात आलं ते हे की, जे मला मिळालं नाही ते हिला मिळालं, आणि वर हिचंच रडगाणं! घरी आली की पुन्हा सगळे हिलाच कुरवाळणार.

"काय म्हनती माझी बाई?" काकूंनी विचारलं.

"जरा करमत न्हाई म्हनती. जेवन जरा बेचव हाय. जरा थकल्यावानी वाटतंय."

"करमंल. नवं हाय अजून," काका म्हणाले. हळदीला माती लावणं चालू होतं, त्यामुळे दिवाळीलाच जाऊन आणू असं ठरलं. काका शेतात गेले आणि मी पत्राची घडी घालून फडताळात ठेवली.

दिवाळीला काका तिला घेऊन आले. काकूंनी तिचा दंड धरला तो त्यांच्या मुठीत मावला. गणपतीपासून अंगात ताप होता आणि होस्टेलवर कोणी विचारलं नव्हतं. वसमतच्या डॉक्टरांनी दोन महिने अंथरूण सांगितलं. कॉलेज तिथंच संपलं.

"लिवलं काहून न्हाई गं माय?" काकू रडत म्हणाल्या.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून तिची पिशवी रिकामी करत होते.

"लिवलं होतं," ती हळूच म्हणाली. "माझं इंग्रजी कच्चं हाय. नीट सांगता आलं नसंल मला."

 काका माझ्याकडं बोट करून म्हणाले, "इंग्रजी हिचंच पक्कं. हिलाच धाडाय पाहिजे होतं."

दहावीच्या निकालापासून मी ह्याच वाक्याची वाट पाहत होते. ती समोर अंथरुणावर कण्हत होती, आणि मला आनंद झाला. जरा नाही, भयंकर झाला.