दादांची कुजबुज आणि व्होकोडर

गळ्यातली गाठ काढली आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. नामांतराच्या सभांत माईक बंद पडला तरी मैदान गाजवणारा शाहीर घरात चहासुद्धा हाताच्या खुणेनं मागायला लागला. गायनपार्टी त्यांची, पेटी माझी. वर्षभर दोन्ही गप्प. मला लय चीड यायची, आणि ती काढायची कोणावर?

मग मुंबईला ऑर्केस्ट्रात वाजवणारा माझा मामेभाऊ एक जुना व्होकोडर घेऊन आला. म्हणाला, पूर्वी हे यंत्र खोलीएवढं होतं, लढाईतलं गुप्त बोलणं फोनवरून पाठवायला. आता टेबलावर मावतं. माईकमध्ये शब्द बोलायचे, पट्ट्या दाबून सूर द्यायचा. कुजबुजलं तरी गातं.

"लोक हसतील," आई म्हणाली.

"हसू दे," दादा कुजबुजले. "ताडकळसच्या जयंतीला एकदा बघतो. न्हाई जमलं तर पार्टी मोडली."

जयंतीच्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं. दादा माईकला ओठ लावून कुजबुजले, मी पट्ट्या दाबल्या, आणि भोंग्यातून डब्यात तोंड घालून गायल्यासारखा आवाज निघाला. पुढच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अवो, मशीन कशाला? माणूस आना की!" मागून कुणीतरी ओरडलं.

दादांच्या कपाळावर घाम. दुसरी ओळ झाली, दाद नाही. दोन-चार जण उठून धोतर झटकायला लागले. माझं डोकंच फिरलं. बघता काय रे, म्हटलं मनात, ऐका!

तिसऱ्या ओळीच्या शेवटी दादांचा सूर नेहमी जरा खाली घसरून मग वर चढायचा. तालमीत मी तो सरळच वाजवला होता. यंत्राला सूर वाकवायचं एक छोटं चाक होतं. ते रागारागानं ओढलं. सूर घसरला, आणि वर चढला.

"आगं बया! ह्यो तर आपला शाहीर हाय!" एक म्हातारी उभीच राहिली. उठलेले खाली बसले. वन्स मोअरचा एकच गलका झाला.

दादा थांबले, तसं यंत्रही मुकं झालं. माईकवर हात ठेवून ते माझ्याकडं वळले.

"पोरी, सूर घसरतो ती माझी चूक हाय गं. उस्ताद मरेस्तोवर वरडले. जलमभर सुधरली न्हाई."

"मग आता तर बिलकुल सुधरू नका! म्हणा फुडं," मी बापावर खेकसले आणि तिथंच रडायला लागले. पट्ट्या दिसेनात. दादांनी माईकवरचा हात काढला.