कॉमेंट्रीवाला गेम

मोबाईलच्या दुकानात बसलं की किस्से जमत जातात. घरी ऐकायला कोणी नसलं की जास्तच साचतात.

गांधीबागेत आमचं छोटं दुकान आहे. मिस्टर गेल्यापासून मीच बसते. कमी जागेच्या फोनमध्ये दाबून बारीक केलेले गेम टाकून देते. फायली मुलगा पुण्याहून पाठवतो. सोबत "आई, मिळाली?" एवढा मेसेज. मी "हो" लिहिते. झालं आमचं बोलणं.

*

काटोलच्या एक बाई नातवासाठी गेम घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी बस धरून परत.

"काहून वं, इथं तं फाइल बारीक होती. घरी उघडली तं फोनच भरला!"

"साबुदाणा समजा. भिजला की फुगतो."

"मंग कोरडाच देऊन राहिली का मले?"

*

शेजारच्या कापडदुकानातले मुनीम फुटबॉलचा गेम घेऊन गेले.

"बाई, या खेळाडूंले तोंडच नाही."

"चेहरे काढले, म्हणून तर मावले."

त्यांनी फोन खिशात टाकला. "चालते. माह्या तोंडाकडे तरी कोण पाहते?"

*

कामठीच्या नामदेवकाकांनी जन्मभर पॉवरलूम चालवला. आता माग बंद, काकू गेल्या, घरात एकटेच.

"खडखडाटाची सवय आहे, बाई. शांततेत जेवण उतरत नाही. क्रिकेटचा गेम टाकून द्या, त्यात माणूस बोलते म्हणे."

टाकून दिला. आठवड्यानं परत आले. "हा तं मुका आहे."

माझीच चूक. फाइल बारीक करायला कॉमेंट्रीच आधी काढतात, हे मी सांगितलंच नव्हतं. बोलणारा गेम मोठा, आणि काकांचा फोन भरलेला.

"हे शुभ सकाळचे फोटो काढू का?"

"राहू द्या. कोणी आठवणीनं पाठवले."

शेवटी मिस्टरांच्या फोनमधलं मेमरी कार्ड काकांच्या फोनमध्ये घातलं, फोटो त्यावर सरकवले आणि पुरा गेम बसवला.

चार दिवसांनी मीच फोन केला. मागे कॉमेंट्रीवाला जोरात बोलत होता.

"काका, मॅच कोण जिंकून राहिलं?"

"सुरूच नाही केली, बाई. सुरू केली का संपते. टॉसवरच ठेवली आहे. तो घडीघडी विचारते, 'क्या आप तैयार हैं?'"

"मग?"

"मी म्हणतो, थांब गा, भाजी उतरवतो."