जैबूनच्या उरलेल्या गोळ्या

इथे आखातात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन बरं झालं, पण आत इन्फेक्शन झालंय आणि ते बहुतेक हॉस्पिटलातच लागलंय, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. सरळ बोलल्या, मला आवडलं.

मग कल्चर. म्हणजे गुडघ्यातलं पाणी काढून लॅबच्या ताटलीत जंतू उगवायचा आणि कोणतं औषध त्याला मारतं ते बघायचं. तो उगवावा म्हणून माझं औषध बंद ठेवलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला सोडून दिलं.

जंतू इतरांना लागू नये म्हणून वेगळ्या खोलीत टाकलं. येईल तो पिवळा झगा घालून. तापात ती माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसायची. त्यांच्यात माझी बायको जैबून झग्याशिवाय यायची, पायथ्याशी बसून पाय दाबायची. मी शिकलेला नाही, पण वेडाही नाही. ती चार महिन्यांपूर्वी रत्नागिरीत गेली, हे मला ठाऊक होतं. तरी पाय हलका व्हायचा.

तिच्या शेवटच्या आजारातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या माझ्या बॅगेत होत्या. फेकवल्या नव्हत्या. तीच देतेय असं वाटून मी रोज एक गिळू लागलो.

ताटलीत काही उगवेना. दोनदा बघितलं. बाई म्हणाल्या, जंतू कळला नाही तर अंदाजानं औषध द्यावं लागेल, आणि अंदाज चुकला तर पाय जाईल.

"चाचा, सच बोलो. बाहर की कोई दवा?"

शेजारी उभा माझा मुलगा आरिफ नाही म्हणाला. मी म्हणालो, "है. मेरी बीवी की गोलियाँ."

"उनको नहीं चाहिए?"

चार महिने हे तोंडातून काढलं नव्हतं. "नहीं. वो मर गई."

बाई खुर्ची ओढून बसल्या. गोळीनं जंतू मेला नाही, नुसता दबला, म्हणून ताटलीत दिसेना, असं समजावलं. गोळ्या घेऊन गेल्या. पुढचे दिवस औषधाविना काढले. पाय ठणकत होता. जैबून आली नाही.

तिसऱ्या खेपेला उगवला. रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना निर्ढावलेला. दोनच औषधं लागू पडली. त्यातलं एक जैबूनच्याच गोळीतलं. पण रोज एकीनं भागत नाही, पुरा डोस लागतो. पाय वाचला. बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर काय गिळलंत ते सांगा. लाज वाटली तरी सांगा.

परवा इथे आमच्या वस्तीत, अल गराफात, मशिदीबाहेर एका ओळखीच्यानं विचारलं, भाभी कशी आहे? गेली, म्हणालो. मग आम्ही दोघं सावलीसावलीनं घरापर्यंत चालत आलो.