आप्पांच्या अक्षरातलं लसीचं कार्ड

मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र मार्चमध्ये आलं आणि मे महिन्यात ती यादी आली. प्रवेश मिळाला म्हणजे सगळं झालं, असं मला आणि बायकोला वाटत होतं. पण वर्गात बसण्याआधी परदेशी विद्यार्थ्यानं काय काय पाठवायचं, याची लांबलचक जंत्री पोर्टलवर उघडली. शाळेच्या गुणपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर, पासपोर्टची प्रत, व्हिसाचे कागद, आरोग्य विमा, ओळखपत्रासाठी फोटो. प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन होता. काम झालं की हिरवा, तोवर लाल.

मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये, गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो. याद्या आणि चौकोन हे माझं रोजचंच काम, म्हणून मी उत्साहानं खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. पण ती अठरा पूर्ण झालेली. सगळीकडे सही तिचीच हवी होती. माझ्या सहीला त्या अख्ख्या यादीत कुठेच जागा नव्हती. मी नुसता कागद स्कॅन करून द्यायचो.

जून संपेपर्यंत एक चौकोन सोडून सगळे हिरवे झाले. राहिला तो लसीकरणाचा. गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची एकत्र लस दोनदा घेतल्याचा पुरावा त्यांना हवा होता. तो मिळेपर्यंत विषय निवडता येणार नव्हते. तिच्या पिवळ्या इम्पफपासमध्ये, म्हणजे इथल्या लसीच्या वहीत, ती लस एकदाच होती. चार वर्षांची असताना ती आईबरोबर इकडे आली, तेव्हा दिलेली. त्याआधीचं काहीच नाही. मध्यंतरी इथल्या शाळेनंही पुरावा मागितला होता. तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून चिठ्ठी दिली आणि भागलं. पण ती चिठ्ठी फक्त गोवराची होती.

"अजून एक डोस घेऊन टाक, प्रश्न मिटला," मी म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला. सुई म्हटलं की तिला घेरी येते. आठवीत शाळेत रक्तगट तपासायला नुसतं बोट टोचलं होतं, तर ती बाकावरून खाली घसरली होती. सागरी जीवशास्त्र शिकायला निघालेली मुलगी, समुद्रातल्या माशांना हात लावायला घाबरत नाही. पण सुई नको.

"भारतातलं काही असेल ना," ती जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. "लहानपणी मला लस दिलीच असेल. कुठेतरी कागद असेल."

मला ते ठाऊक असायला हवं होतं. मला ठाऊक नव्हतं.

ती दोन महिन्यांची असताना मी जर्मनीत आलो. आधी वर्षाचं कंत्राट होतं, मग ते वाढत गेलं. बायकोची फार्मसीची परीक्षा राहिली होती. ती सकाळी सांगलीला कॉलेजला जायची. पोरगी माझ्या आई-वडिलांकडे, तासगावजवळच्या आमच्या गावी वाढत होती. वर्षातून एकदा मी तीन आठवडे जायचो. पहिल्या वेळी माझ्याकडे यायला तिला अडीच आठवडे लागले, आणि ती आली तोवर माझी परतीची तारीख आली. त्या चार वर्षांतली तिची लस, दात, पहिलं पाऊल हे सगळं मला फोनवर कळलेलं.

मी आप्पांना, माझ्या वडिलांना, फोन केला. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून फलाटावरचाच.

"कार्ड आहे," ते लगेच म्हणाले. "कुठं जाणाराय? माझ्या कपाटात हाय. पाठवतो फोटो."

तासाभरानं फोटो आले. पहिल्यात त्यांचा अंगठा होता, दुसरा हललेला, तिसरा नीट. आरोग्य केंद्राचं जाड गुलाबी कार्ड. घडीवर चिकटपट्टी लावलेली. बीसीजी, पोलिओ, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी, गोवर, पुढे तारखा आणि नर्सबाईंची सही. पण चौथा फोटो कार्डाच्या मागच्या बाजूचा होता. ती सगळी बाजू आप्पांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांनी भरलेली होती.

मुलीला देवनागरी छापील असेल तर अडखळत वाचता येतं. हाताचं लिहिलेलं नाही. "वाचून दाखव," ती म्हणाली. मी लॅपटॉपवर फोटो मोठा केला आणि वाचायला लागलो.

"त्रिगुणी पहिली. सकाळी नऊ चाळीसला लस. खूप रडली. येताना गाडीत झोपली."

ती हसली. "नऊ चाळीस?"

"एसटीचा माणूस. वेळ लिहिल्याशिवाय राहवत नाही." मी पुढे वाचलं. "पोलिओ. दोन थेंब. तोंड वाकडं केलं. मग माझं बोट चोखत बसली."

मग त्रिगुणीच्या दुसऱ्या डोसाची ओळ आली आणि मी थांबलो.

"उण्ट?" ती म्हणाली. जर्मनमध्ये 'उण्ट' म्हणजे, आणि पुढे?

"मांडीला गाठ. दुपारनंतर ताप १०२. रात्रभर अंगावर ठेवली. सकाळी जर्मनीहून फोन आला. बरी आहे असे सांगितले."

मला तो फोन आठवत नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. असे कितीतरी फोन मी केले असतील. बरी आहे म्हटल्यावर हुश्श करून फोन ठेवला असेल आणि कामाला गेलो असेन.

बायको औषधांच्या दुकानातल्या कामावरून आली तेव्हा मी तिला तो फोटो दाखवला. तिनं वाचला आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आप्पा म्हणाले होते, त्याला सांगू नकोस. मलाही वाटलं, कशाला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मी आधी ठरवलं होतं की विचारायचं नाही, पण विचारलंच.

"आप्पा, एवढा ताप होता तर मला बरी आहे असं का सांगितलंत?"

"तू काय करणार होतास तिथनं?" ते म्हणाले. "विमानात बसला असतास?"

"नसतो बसलो."

"मग? नुसता घोर. जेवला नसतास दिवसभर." त्यांनी विषय संपवला आणि मान पुढे करून नातीला शोधायला लागले. "कुठाय ती?"

ती माझ्या मागून पुढे आली. मला वाटलं, नेहमीसारखं हात हलवेल आणि जाईल. पण तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि सोफ्यावर पाय दुमडून बसली.

"आजोबा," ती मराठीत म्हणाली, शब्द जुळवत, "मला सुईची भीती वाटते. खूप. अजून."

"असू दे की. मलाबी वाटते."

"तुम्हाला?"

"मग! तुला मांडीवर धरायचो तवा मी डोळे मिटून घ्यायचो. नर्सबाई म्हणायच्या, अहो, लस पोरीला द्यायचीय, तुम्हाला नव्हं."

ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून निसटला. नंतर जवळजवळ पाऊण तास ती बोलत होती. आप्पा तिला सांगत होते, ती कशी त्यांच्या टोपीत चिंचोके भरायची, आणि कुठल्या शेळीला घाबरायची. मी भांडी घासत ऐकत होतो. मधूनच ती ओरडून मला शब्द विचारायची. "बाबा, शेळी म्हणजे त्सीगे ना?"

कार्डाच्या फोटोची प्रत घेऊन आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे गेलो. मी रात्री बसून त्याचं इंग्रजी केलं होतं. त्यांनी ते मन लावून वाचलं आणि मान हलवली. गोवराची लस नवव्या महिन्यात दिलेली होती, आणि वर्ष पूर्ण होण्याआधीचा डोस अमेरिकेच्या फॉर्मला चालत नव्हता. शिवाय गालगुंड आणि रुबेला त्यात नव्हतेच. एक डोस घ्यावाच लागणार होता. वर भारतात जन्म म्हणून क्षयरोगाची रक्ततपासणीही हवी होती. "दोन्ही आजच करून टाकू," त्या म्हणाल्या. म्हणजे सुया दोन.

मला वाटलं, आता ही उठून जाणार. तिनं एक मोठा श्वास घेतला.

"बाबा, तू आत ये," ती म्हणाली. "पण डोळे उघडे ठेव."

ती पलंगावर आडवी झाली. मी तिचा उजवा हात धरला. आधी डाव्या कोपराच्या खोबणीतून रक्त काढलं, मग त्याच हाताच्या दंडात लस. मी डोळे उघडे ठेवले. सुई आत जाताना दिसली, नळीत रक्त चढताना दिसलं, आणि ती माझ्या बोटांची हाडं मोडते की काय इतक्या जोरात हात दाबत होती. ती छताकडे बघत जर्मनमध्ये आकडे मोजत होती. सतराला सगळं संपलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिला घेरी आली नाही. नर्सनं न विचारता मला स्टूल सरकवून दिलं आणि पाणी आणलं. डॉक्टरबाईंनी फॉर्मवर शिक्का मारला आणि लेकीला म्हणाल्या, "वडिलांना जरा वेळ बसू दे."

या लसीनंतर ताप आला तर साधारण आठवड्यानं येतो. तो आला नवव्या दिवशी, सकाळी. अडतीस पूर्णांक दोन, म्हणजे आप्पांच्या मापात जेमतेम एकशे एक. काळजीचं कारण नव्हतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बायकोला कामावर जायचं होतं. मी ऑफिसला कळवलं की आज घरूनच काम करतो. ती सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली, पाय माझ्या मांडीवर. माझी मीटिंग चालू होती. मी आवाज बंद करून तिच्या पावलांवर हात ठेवून बसलो. गरम होती पावलं. दुपारी तिला मऊ भात आणि तूप दिलं. तिनं अर्धी वाटी खाल्ली आणि पुन्हा झोपली. मी अठरा वर्षांत तिच्यासोबत असा पहिल्यांदाच बसलो होतो असं नाही. इथे आल्यावर कितीतरी सर्दी-खोकले काढले. पण त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी लॅपटॉप मिटूनच ठेवला.

संध्याकाळी ताप उतरला. त्याच आठवड्यात क्षयरोगाच्या तपासणीचा अहवाल स्वच्छ आला आणि शेवटचा चौकोन हिरवा झाला. तिनं विषय निवडले. सकाळी आठचा एकही तास घेतला नाही, हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला हानोफरच्या विमानतळावर सोडलं. तपासणीच्या रांगेपाशी तिनं आधी आईला मिठी मारली, मग मला, आणि मग वाकून दोघांच्या पाया पडली. आजूबाजूचे लोक बघत होते. ही सवय आम्ही तिला कधी लावली नव्हती. मग ती पट्ट्यांच्या वळणांमधून पुढे गेली, दोनदा वळून बघितलं, आणि दिसेनाशी झाली.

आम्ही पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही. बायकोनं पिशवीतून डबा काढला. विमानात खायला म्हणून लेकीसाठी केलेले धपाटे, घाईत द्यायचे राहून गेलेले. एक मला दिला, एक तिनं घेतला. खाऊन झाल्यावर तिनं रुमालानं हात पुसले आणि म्हणाली, "चला."