गोरक्ष सरांचा आवाज कोणी नेला

पंचवटीतल्या शाळेत जानेवारीत बातमी पसरली, की विज्ञानाच्या गोरक्ष सरांचा आवाज माईकने ओढून नेला. म्हणजे कसं, तर सर स्टेजवर माईक तपासत होते. 'हॅलो, वन, टू, थ्री' म्हणताना करंट बसला आणि थ्रीच्या पुढचा सगळा आवाज वायरीत गेला तो गेलाच. आठवीची पोरं तर आईशप्पथ घेऊन सांगायची, की अँप्लिफायरला कान लावला की आतून अजून 'बरं का' ऐकू येतं.

ही बातमी सरांच्या कानावर आली तेव्हा त्यांना राग आला तो चुकीच्या विज्ञानाचा. माईक आवाजाची वीज करतो, स्पीकर त्या विजेचा पुन्हा आवाज करतो. त्यात बोलणाऱ्याचा आवाज संपेल कशाला? इतकी वर्षं घसा फोडून शिकवलं आणि पोरांनी हे दिवे लावले! चांगलं झापावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. बस्स, तेवढंच.

खरं असं होतं, की सरांच्या घशात गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली, आणि दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. ना तंबाखू, ना सुपारी, तरीसुद्धा. श्वासासाठी गळ्याशी एक भोक राहिलं, आणि त्यावर त्यांच्या पत्नी, योगिनीकाकू, रोज सकाळी पांढरा रुमाल बांधून द्यायच्या. आता लाईट चालू होती. लाईट म्हणजे किरणांचा उपचार; दवाखान्यात सगळे पेशंट त्याला लाईटच म्हणतात. "कितवी लाईट?" असं एकमेकांना विचारतात, जणू घरात ट्यूब बसवून घेतायत.

ध्वनी शिकवताना हेच सर पहिल्या बाकावरच्या पोराचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचे. "आता मी 'आ' म्हणतो. थरथरलं? हे कंपन. हाच ध्वनी, बरं का." हे 'बरं का' नाकातून निघायचं आणि त्यातला 'का' लांबत लांबत मागच्या भिंतीला टेकून परत यायचा. दिंडोरीकडच्या गावातून नाशिकला शिकायला आलेला माणूस, वर्गात छापील बोलायचा आणि चिडला की "लय झालं तुमचं!" एकदा कोणीतरी विचारलं, "सर, तुम्ही एवढे ओरडता, ती ऊर्जा जाते कुठे?" सर म्हणाले, "भिंतीत. भिंत तापते. पण इतकी जराशी, की हाताला कळत नाही."

जानेवारीत एक दिवस सर प्रयोगशाळेची किल्ली द्यायला शाळेत आले. दहावी 'ब'च्या बाहेर आले आणि थबकले. आतून त्यांचाच आवाज येत होता. "लय झालं तुमचं! रोध म्हणजे काय? विजेच्या वाटेतली गर्दी. द्वारका चौकातला सिग्नल, बरं काऽऽ." वर्ग खदाखदा हसत होता. बोलत होता तो रुद्र, म्हणजे हे लिहिणारा. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचा आवाज त्याच्या खिशात असायचा. सर भिंतीला हात टेकून उभे राहिले. भिंत गार होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत न येता निघून गेले.

तिकडे गावाला सरांची आई, चतुराबाई, अडून बसली होती. तिच्या हृदयाचं दुखणं जुनं, म्हणून घरच्यांनी सांगितलं होतं, की गोरक्षचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. पण रोज संध्याकाळी फोन करणारा लेक दोन महिने गप्प कसा? शेवटी ती सुनेला फोनवर म्हणाली, "तो राहिला नाय ना? तुम्ही सांगत नाय मला." आणि जेवण सोडलं. लाईट संपेपर्यंत सरांना गावी जाता येत नव्हतं.

योगिनीकाकूंनी रुद्रला घरी बोलावलं. "दोनच वाक्यं बोल रे यांच्या आवाजात. तेवढ्यावर ती जेवेल."

सरांनी नाही म्हणून मान हलवली. मोबाईलवर टाईप केलं, "ओळखेल."

"नाही ओळखणार सर! फोनमधून सगळा आवाज जातच नाही. खालचे, वरचे हर्ट्झ कापले जातात, तुम्हीच शिकवलंय. लावता पैज?"

सरांनी मोबाईल पुन्हा हातात घेतला. मग टाईप केलं, "जिंकलास तर गॅदरिंगला माझी नक्कल कर, माईकवर. हरलास तर माझा आवाज परत काढायचा नाही. कधीच."

रुद्रने तयारी झकास केली. छापील नाही, गावाकडचं बोलायचं, हेही त्याने ताडलं होतं. काकूंनी फोन लावून स्पीकर चालू केला.

"कोण, गोरक्ष का?"

"हां आये, मीच हाय. घसा लय बसला व्हता."

पलीकडून अगदी हळू, "कोणाचा रे तू, बाळा?"

रुद्रने सरांकडे पाहिलं.

"माझ्या लेकाला 'कोण' विचारलं, का तो कधी 'मीच' म्हणत नाय. 'लाईटवाला, मीटर कापायला आलोय' म्हणतो. नोकरी लागल्यापासून रोज हाच चावटपणा." तिचा आवाज फाटला. "खरं सांग. हाय का नाय तो?"

काकू रडायला लागल्या. सरांनी फोन हातात घेतला. फुंकर मारावी तर तोंडातून हवाही येत नव्हती. त्यांनी नखाने फोनवर टकटक केलं.

"गोरक्ष?"

टक.

"आवाज गेला का रे? समदाच?"

सरांचं बोट थांबलं. मग, टक.

चतुराबाईचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "हायेस ना पण. मी जेवते. उद्यापासून मी बोलेन, तू वाजवायचं."

फोन बंद झाल्यावर रुद्र म्हणाला, "सर, ते मीटरचं तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलं का नाही?"

सरांनी टाईप केलं, "ते तिचं आणि माझं आहे." मग रुमाल नीट करून आणखी एक शब्द, "हरलास."

परवा वर्गात पोरांनी गलका केला, "रुद्र्या, गोरक्ष सर कर ना, गोरक्ष सर!" रुद्रने इतिहासाचे सर केले, पीटीचे केले, शिपाईकाकासुद्धा केले. गोरक्ष सर नाही केले. पैज हरला होता.