रुपीचा दगड

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भर सभेत माझ्या खापरपणजीला शिवी दिली गेली, तेव्हा मी का हसलो, ते.

आमचं गाव वडशाच्या पलीकडे, जंगलाला लागून. आम्ही गोंड. गावातल्या जुन्या तलावाचा गाळ काढला, त्याचा कार्यक्रम होता. माईकवर जुन्या मालगुजाराचे, म्हणजे गावाच्या जमीनदाराचे, पणतू. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे हेडमास्तर तर आमच्या घरचेच! यांची खापरपणजी रुपी, आमच्या पणजोबांनी ठेवलेली होती. चांगली ठेवलेली!"

मंडप हसला. मीही हसलो. कारण पुढच्याच क्षणी माझ्या खांद्यावर सत्काराची शाल पडणार होती. ती पडली. बायकांत माझी माय बसली होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "हासलास कायले?"

"मजाक होती, माय."

"तिचा दगड हाय आपल्या पुरख्यायच्या रांगेत. ठेवलेल्या बाईचा दगड कुळ उभा करते का रे?"

आमच्यात माणूस मेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. बाईचा दगड नवऱ्याच्या कुळात. मला हे माहीत होतं. माहीत असून हसलो.

मग सासूकडून ऐकलेलं मायनं सांगितलं. रुपी वेठीला गेली होती, आधी तलावाची माती वाहायला, मग मालगुजाराचं घर सारवायला. मालगुजारानं तिला धानाच्या कोठीत कोंडली. नवरा तिला परत मागायला गेला, तर त्याला झाडाला बांधून मारला. रोवणीच्या दिवसांत, सगळे भात लावायला बांधीत असताना, ती निसटली. पोटात पोर होतं. कुळानं बकरा कापला, गावाला जेवण घातलं, तिला आत घेतलं. ते पोर म्हणजे माझा पणजा.

म्हणजे त्या मालगुजाराचं रक्त माझ्यातही आहे. 

कोणाला काय आठवतं ते विचारायला मी रुपीच्या माहेरी गेलो, नदीपलीकडे. ओसरीवर मोहफुलं निवडत एक म्हातारी बसली होती. रुपीचं नाव सांगताच म्हणाली, "तिचा दगड उभा केला तवा आमच्या घरून लुगडं गेलतं त्याच्यावर. तुमी कोन तिचे? इतक्या वर्सानं रस्ता सापडला का?"



पुढे ग्रामसभेत दादासाहेबांनी विषय काढला. तलावाला पणजोबांचं नाव द्यायचं. फलकावरचा मजकूर गुरुजी लिहितील.

मी उठलो. 

"लिहीत नाई. तलावाची माती माह्या रुपीनं आन् तिच्यासारख्यायनं वाहली, फुकट. आन् ते ठेवलेली नव्हती. तुमच्या पणज्यानं तिले कोठीत कोंडली होती. त्या दिवशी मी हासलो. चुकलो."

"गुरुजी, जुन्या गोष्टी त्या. मजाक केली आपण."

"मजाक कराची असन तं आपल्या पणजीची करा. माईकवर."

कोणी हसलं नाही. नाव अजून ठरलेलं नाही. ठरू देणार नाही.

सभेतून परतताना वाटलं होतं, माय पाठीवर हात ठेवेल. ती पुढे चालत राहिली. घराच्या कवाडाशी थांबून म्हणाली, "खापरपणजीसाठी बोललास. आन् तुह्या बापाचा दगड कुठी हाय?"



आमच्यात पुरतात. मी बापाला जाळला. अस्थी मार्कंड्याला वैनगंगेत सोडल्या, तेरावं घातलं. शाळेतले सगळे आले होते. 'रीतसर केलंत हो,' म्हणाले. मला बरं वाटलं होतं. रांगेत आजाच्या शेजारची जागा तेव्हापासून मोकळी आहे. मायनं इतकी वर्षं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

माय आता थकली आहे. ती असेपर्यंत, तिच्यासमोर, शाळेतल्या त्याच लोकांना बोलावून, बापाचा दगड मला उभा करायचा आहे. अजून केलेला नाही. बापाचं तेवढं देणं माझ्यावर आहे.